दोन चाकांवर उभा राहणारा रोबो थरथरतो आणि पडतो : आधी काय तपासू?

पाचवं_सेमिस्टर

नमस्कार मंडळी,
मेकॅट्रॉनिक्स डिप्लोमाचा प्रोजेक्ट म्हणून दोन चाकांवर स्वतःचा तोल सांभाळणारा रोबो करतोय. सध्याची जोडणी अशी :

आर्डुइनो उनो (कंट्रोलर बोर्ड), एमपीयू६०५० सेन्सर (कलण्याचा वेग मोजणारा जायरो आणि कल सांगणारा अ‍ॅक्सेलेरोमीटर एकाच चिपमध्ये; जीवाय-५२१ बोर्ड, सगळ्यात वरच्या प्लेटवर हॉट ग्लूने चिकटवलेला), एल२९८एन ड्रायव्हर (मोटर चालवणारा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटर (प्लास्टिक गिअरच्या), ६५ मिमीची चाकं. १८६५० चे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये, खालच्या प्लेटवर. ड्रायव्हरच्या ५ व्होल्ट पिनवरूनच उनो चालतो. ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या तीन प्लेट, मध्ये एम३ स्पेसर. एकूण वजन ८०० ग्रॅम.

अडचणी दोन आहेत.
१) उभा केला की चाकं पुढेमागे थरथरतात, थरथर वाढत जाते आणि चार-पाच सेकंदांत पडतो. केपी (कलाच्या प्रमाणात मोटरचा जोर ठरवणारा आकडा) कमी केला तर थरथर जाते, पण मग तोल सावरतच नाही.
२) मध्येच चाकं पूर्ण वेगाने एकाच दिशेला पळत सुटतात. रीसेट दाबेपर्यंत थांबत नाहीत.

पीआयडीचे (कलावरून मोटरचा जोर ठरवणाऱ्या गणिताचे) आकडे बरेच फिरवून पाहिले. अजून दीडेक हजार रुपये घालता येतील. सुरुवात कुठून करू?

गिअरपेटी

पीआयडीला हात लावू नकोस अजून. आधी चाकाला हात लाव.

पॉवर बंद. एका हाताने मोटरची पिवळी बॉडी घट्ट धर, दुसऱ्या हाताने चाक हलकेच पुढेमागे कर. गिअर न फिरता चाक जेवढं मोकळं हलतं तो प्ले. टायरवर पेनने खूण कर, समोर पट्टी धर आणि कडेला किती मिलिमीटर हलतंय ते मोज. ६५ मिमीच्या चाकाचा घेर २०४ मिमी, म्हणजे एक अंश = ०.५७ मिमी. कडेला ३ मिमी प्ले निघाला तर तो पाच अंशांच्या वर गेला.

रोबो उभा असतो तेव्हा मोटर सतत दिशा बदलत असते. दर बदलाला गिअर आधी हा मोकळा भाग ओलांडतात आणि मग दात दातावर आदळतो. तेवढ्या वेळात रोबो कललेला असतो, कंट्रोलर घाबरून जास्त जोर लावतो, धक्का बसतो, की परत उलटं. तुझी वाढत जाणारी थरथर बहुतेक इथूनच येते. कोडमध्ये ती पूर्ण घालवता येणार नाही.

मीटर_लाव_आधी

दुसरी अडचण वेगळी आहे, ती पहिलीत मिसळू नका.

उनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये मीटर लावा, चाकं हवेत धरा आणि दिशा झटपट उलटसुलट करणारं साधं स्केच चालवा. मीटर सरासरी दाखवतो, खरा खड्डा त्याहून खोल असतो. मीटरवरच ४.५ च्या खाली दिसलं तर पुढे शंका घ्यायला नको.

कारण असं. एल२९८एन बोर्डावरचा ७८एम०५ रेग्युलेटर नीट चालायला वरून साधारण ७ व्होल्ट लागतात. दोन सेल भरलेले असताना ८.४, अर्धे उतरल्यावर ७.४. पळत्या मोटरला एकदम उलटं फिरवलं की क्षणभर स्टॉल करंटच्या (मोटर अडून थांबल्यावर ओढते त्या करंटच्या) जवळपास दुप्पट करंट ओढला जातो, सेलचा व्होल्टेज बसतो आणि ५ व्होल्टही बसतो. उनोवरची चिप १६ मेगाहर्ट्झला भरवशाने चालायला सुमारे ३.८ व्होल्ट हवेत, आणि तिचं ब्राउनआउट रीसेट (व्होल्टेज फार पडला की आपोआप होणारं) लागतं २.७ ला. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात ती रीसेटही होत नाही आणि नीट चालतही नाही.

उपाय : उनोला स्वतंत्र बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून देणारा; एलएम२५९६ चा तयार बोर्ड चालेल), आधी मीटर लावून ५.० वर सेट करून मगच जोडा. ड्रायव्हरच्या पॉवर पिनांना अगदी खेटून १००० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचा कपॅसिटर. ग्राउंड सगळ्यांचं एकच, पण मोटरचा करंट उनोच्या ग्राउंड वायरमधून जाता कामा नये. बॅटरीच्या निगेटिव्हपासून दोन वेगळ्या वायरी काढा, एक ड्रायव्हरला, एक बकला.

त्रिज्या

दोघांनाही अनुमोदन. माझे प्रश्न कोडबद्दल :
– लूप किती मिलिसेकंदांनी फिरतो? अंदाज नको, मोजलेला आकडा हवा.
– सिरियलवर (संगणकाकडे) काय छापताय आणि कुठल्या बॉड रेटने (पाठवण्याच्या वेगाने)?
– जायरो आणि अ‍ॅक्सेलेरोमीटरचे आकडे मिसळून कोन काढणारा फिल्टर कुठला? त्यात वेळेचा आकडा मोजून घेतलाय की हाताने लिहिलाय?

बोरीबंदर

एवढी यातायात कशाला? असं किट तयार मिळतं, कोडसकट. जोडायचं आणि सबमिट करायचं.

त्रिज्या

@बोरीबंदर, तयार किट शिकायला उत्तम, पण त्याच्यापुढे काहीतरी स्वतःचं हवं. बाहेरचे परीक्षक ब्लॉक डायग्राम विचारून थांबत नाहीत. ‘फिल्टरमध्ये ०.९८ का?’, ‘सेन्सर इथेच का बसवला?’, ‘बॅटरी वर नेली तर काय होईल?’ हे विचारतात. या धाग्यावर त्याच गोष्टींची उत्तरं निघणार आहेत. मुलगा योग्य ठिकाणी अडला आहे, त्याला इथून परत पाठवू नका.

पाचवं_सेमिस्टर

सगळ्यांचे आभार. मोजून आलो.

प्ले : डाव्या चाकाला कडेला ३ मिमी, उजव्याला ४.
५ व्होल्ट : चाकं उलटसुलट फिरताना मीटरवर ४.३ पर्यंत खाली येतो.
कोड : लूपच्या शेवटी डिले(५) आहे. दर फेरीला कोन, एरर आणि पीडब्ल्यूएम (मोटरला दिलेला जोर) छापतोय, ओळ साधारण २० अक्षरांची, बॉड ९६००. फिल्टर कॉम्प्लिमेंटरी, ०.९८ आणि ०.०२, वेळ ०.००५ असा लिहिलेला.

त्रिज्या

मग सापडलं एक मोठं कारण. हिशोब करा : एका अक्षराला १० बिट, २० अक्षरांना २००. ९६०० बॉडला त्याला २०.८ मिलिसेकंद लागतात. पाठवण्याचा बफर ६४ अक्षरांचा आहे, म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्या चटकन जातात. तो भरला की प्रिंटची ओळ कोडला थांबवून धरते. तुमचा लूप ५ नाही, २० मिलिसेकंदांच्या वर चाललाय, आणि फिल्टरला मात्र तुम्ही ०.००५ सांगताय. म्हणजे जायरोने मोजलेला कल चौथ्या हिश्शाएवढाच जमा होतो. रोबो चार अंश कलतो तेव्हा फिल्टरला लगेच जेमतेम एक अंश कळतो, उरलेले अ‍ॅक्सेलेरोमीटरकडून सावकाश येतात.

असं करा :
– डिले काढून टाका. मायक्रोज् (वेळ सांगणारं फंक्शन) वापरून दर ५००० मायक्रोसेकंदांनीच लूप चालेल असं बांधा.
– बॉड १,१५,२०० करा आणि दर फेरीला छापू नका, दर विसाव्या फेरीला छापा.
– आय-टू-सीचं (सेन्सर आणि उनो ज्या दोन वायरींवरून बोलतात त्या लाइनचं) क्लॉक १०० वरून ४०० किलोहर्ट्झवर न्या. सेन्सरचे १४ बाइट वाचायला दीड मिलिसेकंदाच्या वर जातात ते अर्ध्याच्या आत येतात.
– जायरोची रेंज ±२५० ऐवजी ±५०० अंश प्रति सेकंद ठेवा. थरथरीत २५० ओलांडली जाते आणि आकडा कापला जातो. भागाकार १३१ ऐवजी ६५.५ ने, हे विसरू नका.
– सेन्सरचं रजिस्टर २६ (हेक्समध्ये १ए) मध्ये ३ लिहा. आतला लो-पास फिल्टर सुमारे ४२ हर्ट्झवर येतो, मोटरची घरघर बरीच कापली जाते, उशीर होतो सुमारे ५ मिलिसेकंद. त्याहून जास्त गाळायला गेलात तर उशीर वाढून तोल जाईल.

०.९८ हा आकडा इंटरनेटवर सगळीकडे असतो, पण लूपच्या वेळेशिवाय त्याला अर्थ नाही. टाइम कॉन्स्टंट = ०.९८ × वेळ ÷ ०.०२. पाच मिलिसेकंदांना तो ०.२४५ सेकंद येतो, दहाला ०.४९. अर्ध्या ते एक सेकंदापर्यंत हवा असेल तर पाच मिलिसेकंदांच्या लूपला ०.९९ ते ०.९९५ घ्या.

शून्य_पीसीबी

चाकं पळत सुटण्याचं अजून एक नेहमीचं कारण : आय-टू-सी अडकणं. मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांचा आवाज (विद्युत गोंगाट) आय-टू-सीच्या एसडीए-एससीएल वायरींवर येतो, आर्डुइनोची ‘वायर’ नावाची लायब्ररी उत्तराची वाट बघत तिथेच बसते, लूप थांबतो. पीडब्ल्यूएम मात्र हार्डवेअर टायमर चालवतो, त्याला लूप थांबल्याचं कळत नाही. तो शेवटचा आकडा देत राहतो आणि मोटर पळत राहते. लक्षण अगदी तुम्ही लिहिलंय तसंच.

करायच्या गोष्टी, खर्चाच्या चढत्या क्रमाने :
दोन्ही मोटरच्या टर्मिनलांवर १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर (१०० नॅनोफॅरड) थेट सोल्डर करा, वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही. मोटरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून न्या. सेन्सरच्या वायरी १० सेंमीच्या आत ठेवा आणि मोटरच्या वायरींपासून लांब, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. कोडमध्ये सेट-वायर-टाइमआउट लावा, ३००० मायक्रोसेकंद, दुसरं आर्ग्युमेंट ट्रू. आर्डुइनोच्या बोर्ड पॅकेजची जुनी आवृत्ती असेल तर हे फंक्शन सापडणार नाही, ते अपडेट करा.

आणि एक बारीक गोष्ट. जीवाय-५२१ वरचे पुल-अप (वायरीला ‘हाय’कडे ओढून धरणारे रेझिस्टर) ३.३ व्होल्टला असतात. उनोच्या चिपला ‘हाय’ म्हणून ०.७ × ५ = ३.५ व्होल्ट हवे असं डेटाशीट सांगते. टेबलावर चालतं, कारण लायब्ररी उनोचे आतले पुल-अपही चालू करते आणि चिप प्रत्यक्षात थोडी उदार असते, पण आवाज सहन करायला जागा उरत नाही. बीएसएस१३८ वाला चार चॅनेलचा लेव्हल शिफ्टर (३.३ आणि ५ व्होल्टचे सिग्नल जुळवणारा बोर्ड) शंभर रुपयांच्या आत मिळतो. घालून टाका.

ब्रेडबोर्ड असेल तर तोही काढा. थरथरणाऱ्या यंत्रावर ब्रेडबोर्डची क्लिप क्षणभर सुटते आणि परत बसते, मीटरवर ते कधीच दिसत नाही. झिरो पीसीबीवर फीमेल बर्ग स्ट्रिप लावून बोर्ड त्यात बसवा.

कोल्हापुरी_लेथ

बॅटरी खाली ठेवलीस ती वर ने की लेका! सगळी पोरं हीच चूक करतात.

नटबोल्ट_सावंत

वर? जड वस्तू खाली असेल तर स्थिर राहील ना? गाडीचंही तसंच असतं.

कोल्हापुरी_लेथ

चारचाकीचं गणित वेगळं. ही उलटी काठी आहे. तळहातावर खराटा उभा धरून बघा, मग पेन्सिल धरून बघा. खराटा सावकाश कलतो, हाताला सावरायला वेळ मिळतो.

त्रिज्या

आकड्यांत सांगायचं तर पडण्याचा वेग √(उंची ÷ ९.८) या वेळेवर ठरतो. गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलपासून ५ सेंमी वर असेल तर कल सुमारे ०.०७ सेकंदात २.७ पट होतो. १५ सेंमी असेल तर त्याला ०.१२ सेकंद लागतात. कंट्रोलरला जवळपास पावणेदोन पट वेळ मिळतो.

गिअरपेटी

बरोबर, पण उंच नेलं की टॉर्कही वाढतो, ते कोणी लिहिलं नाही. ८०० ग्रॅम, गुरुत्वमध्य १० सेंमीवर, कल ५ अंश : ०.८ × ९.८ × ०.१ × साइन ५ = ०.०६८ न्यूटन-मीटर. प्रत्येक चाकाला ०.०३४, म्हणजे ०.३५ किलो-सेंमी. बीओ मोटर ६ व्होल्टला स्टॉल होताना साधारण ०.८ देते. वरून एल२९८एन मध्ये दोनेक व्होल्ट आतच जातात, कारण आत जुने बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. ७.४ मधले मोटरला ५.४ मिळाले तर मिळाले. म्हणजे पाच अंशांवरच तू मोटरच्या अर्ध्या ताकदीला टेकलास. १० अंशांवर तिच्याकडे काही उरत नाही, आणि तोवर प्ले ओलांडायचाच आहे.

म्हणून बॅटरी वर न्यायची तर मोटर बदलून. गुरुत्वमध्य कुठे आहे ते मोजायला रोबो आडवा करून पट्टीच्या कडेवर तोलून बघ, तिथून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर घे. ९ ते १२ सेंमीच्या मध्ये आण. त्याहून उंच नेलं तर ३ मिमी अ‍ॅक्रिलिक आणि एम३ स्पेसरचा सांगाडा स्वतःच डोलायला लागेल, आणि ते डोलणं सेन्सरला कल वाटेल.

पाचवं_सेमिस्टर

मोटर कुठली घेऊ मग? नेमा १७ स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटर) वापरलेले बरेच व्हिडिओ दिसतात. त्यात गिअरच नाही, म्हणजे प्ले शून्य?

रेझोनन्स

स्टेपरच घ्या. प्ले शून्य, वेग थेट पल्सवरून कळतो म्हणून एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) लागत नाही, दोन्ही चाकं तंतोतंत सारखी फिरतात. ए४९८८ ड्रायव्हर, १६ मायक्रोस्टेप, एका फेरीला ३२०० पल्स. करंट लिमिट नीट लावा : बोर्डावरचा छोटा रेझिस्टर आर१०० असेल तर व्हीरेफ = ८ × करंट × ०.१. एक अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट. वेगवेगळ्या बोर्डांवर हा रेझिस्टर वेगळा असतो, छापलेलं वाचूनच हिशोब करा. व्हीमॉट पिनला १०० मायक्रोफॅरड लावल्याशिवाय पॉवर देऊ नका आणि पॉवर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो.

गिअरपेटी

@रेझोनन्स, स्टेपर छान चालतो हे मान्य. पण याच्या हातात दीड हजार आहेत. ४० मिमी लांबीची नेमा १७ एकेक पावणेतीनशे-तीनशे ग्रॅमची, दोन घेतल्या की वजन दीडपटीच्या वर गेलं. सेल तीन लागतील. उभा असतानाही करंट ओढत राहते. आणि उनोवर दोन चाकांना सेकंदाला सहा हजार पल्स द्यायचे तर टायमर इंटरप्ट लिहावा लागेल. अ‍ॅक्सेलस्टेपर लायब्ररी उनोवर साधारण चार हजारांपर्यंतच जाते, आणि त्यात सेन्सर वाचायचा वेळ धरलेला नाही.

माझं मत : २५ मिमी व्यासाची मेटल गिअर मोटर, १२ व्होल्ट, ३०० च्या आसपास आरपीएम, मागे एन्कोडर असलेली. दोन सेलवर ती साधारण ६० टक्के वेगाने चालेल, म्हणजे २०० आरपीएमच्या जवळ. तेवढा वेग पुरतो. प्ले शून्य नसतो हेही सांगतो. दुकानात शाफ्टवर बोट फिरवून निवडून घे, सैल वाटली तर दुसरी माग.

मीटर_लाव_आधी

ड्रायव्हर टीबी६६१२. मॉसफेट आहे, व्होल्टेज फारसा खात नाही. एका चॅनेलला सतत १.२ अँपिअर, क्षणभर ३.२. घेण्याआधी मोटरच्या दोन टर्मिनलमध्ये मीटरने ओहम मोजा, शाफ्ट थोडा थोडा फिरवून सगळ्यात कमी आकडा धरा. ६ ओहम आले तर ७.४ ÷ ६ = १.२ अँपिअर स्टॉल. बसलं. ३ ओहमच आले तर हा ड्रायव्हर अपुरा.

सेलबद्दल : ‘९९०० एमएएच’ छापलेलं १८६५० असूच शकत नाही. चांगल्या कंपनीचे सेल २५०० ते ३५०० मध्ये असतात. काट्यावर ठेवा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, त्याहून फार हलका असेल तर परत करा. आणि टीपी४०५६ बोर्डाने सिरीजमधले दोन सेल चार्ज करायचे नाहीत, तो एकाच सेलसाठी आहे. दोन सेलचं बीएमएस (सेलचं संरक्षण करणारं सर्किट) आणि ८.४ व्होल्टचा लिथियम चार्जर, दोन्ही हवं. बीएमएस स्वतः चार्जर नसतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूज घाला, ५ अँपिअरचा गाडीचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट मिळतो.

आठवीची_आई

धागा पूर्ण वाचला, बरंचसं डोक्यावरून गेलं तरी मजा आली. विषयांतर होतंय, पण आठवीतल्या मुलीला असं काही करायचंय. तिने थेट रोबोपासून सुरुवात करावी का?

शून्य_पीसीबी

ताई, तोल सांभाळणारा रोबो नको, दोन महिने काही हललंच नाही तर मुलं सोडून देतात. आधी ब्रेडबोर्डवर ५५५ आयसीने एलईडी लुकलुकवा : १ किलो-ओहम, ६८ किलो-ओहम, १० मायक्रोफॅरड, ९ व्होल्ट बॅटरी. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. ६८ च्या जागी ३३ लावला की वेग दुप्पट होतो, आणि सूत्र तिला स्वतःच पडताळता येतं. मग २५ वॅटच्या सोल्डर गनने तेच झिरो पीसीबीवर. खिडकीजवळ बसून, आणि शिशाचं सोल्डर असेल तर नंतर साबणाने हात धुऊन. त्यानंतर बीओ मोटरची गाडी, आर्डुइनोशिवाय, नुसत्या दोन डीपीडीटी स्विचनी मागेपुढे होणारी. शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का विचारा, सहावी ते बारावीसाठी असते.

आठवीची_आई

सूचीच मिळाली! धन्यवाद.

नटबोल्ट_सावंत

सामान कुठून घ्यायचं? ऑनलाइन की दुकान?

कोल्हापुरी_लेथ

पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोड. मोटर आणि चाक दुकानातूनच घ्यावं, हातात धरून बघता येतं. आयसी, सेन्सर ऑनलाइन चालतंय. सेन्सर आला की आधी ‘हू-अ‍ॅम-आय’ रजिस्टर (११७) वाचा. खऱ्या एमपीयू६०५० मधून १०४ येतं. ११२ आलं तर तो एमपीयू६५०० आहे. चालतो, पण आयडी तपासणारी लायब्ररी त्याला नाकारते आणि पोरं कोड शोधत बसतात.

सांगाड्याचं सांगतो. स्पेसर एकावर एक चढवू नकोस. एम४ चा थ्रेडेड रॉड घे, चार तुकडे. कापायच्या आधी रॉडवर एक नट चढवून ठेव, हॅकसॉने काप, कड कानशीने मार आणि नट त्या टोकावरून काढ. बिघडलेला आटा तोच साफ करून येतो. प्लेटच्या वर-खाली नट आणि रुंद वॉशर. अ‍ॅक्रिलिकला भोक पाडताना खाली लाकूड, ड्रिल हळू, शेवटी दाब काढून घ्यायचा, नाहीतर खालून कपचा उडतो. आणि थ्रेड लॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) अ‍ॅक्रिलिकजवळ अजिबात वापरू नको, त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. तिथं नायलॉक नट. चाकाच्या हबचा ग्रब स्क्रू मात्र शाफ्टच्या चपट्या बाजूवरच बसव आणि तिथे निळं लॉकर खुशाल लाव. हब सैल असेल तर नवीन मोटर घेऊनही प्ले तेवढाच राहणार.

त्रिज्या

सेन्सरची जागाही बदला. वर ठेवला की रोबो डोलताना सेन्सर गोलात फिरतो आणि त्या प्रवेगाला अ‍ॅक्सेलेरोमीटर कल समजतो. अ‍ॅक्सलजवळ, मधल्या रेषेवर, स्क्रूने बसवा. हॉट ग्लू गरम मोटरजवळ मऊ पडतो.

ट्यूनिंगचा क्रम. सुरू करताना रोबो स्थिर आडवा ठेवून जायरोच्या ५०० वाचनांची सरासरी काढा आणि वजा करा. मग मोटर बंद ठेवून हाताने तोल साधा, तिथे दिसणारा कोन हाच सेटपॉइंट. तो शून्य नसतो. हाताने पुढे कलवलं की चाकं पुढेच जातात ना, हे दोन्ही चाकांचं वेगवेगळं बघा. मग पीडब्ल्यूएम शून्यापासून एकेक वाढवत चाक कुठे हलायला लागतं तो आकडा टिपा, दोन्ही चाकांचा, दोन्ही दिशांचा, आणि तेवढा आउटपुटमध्ये मिळवा. हे न करता केपी वाढवला की लहान कलाला रोबो ढिम्म आणि मोठ्या कलाला झटका असं होतं.

त्यानंतर केआय (साचत गेलेल्या चुकीच्या बेरजेचा आकडा), केडी (कल बदलण्याच्या वेगाचा आकडा) शून्य. रोबो जागच्या जागी झुलू लागेपर्यंत केपी वाढवा. मग झुलणं विरेपर्यंत केडी. केडीसाठी कोनाची वजाबाकी करू नका, जायरोचा आकडा थेट घ्या, तो जास्त स्वच्छ असतो. केआय सगळ्यात शेवटी, त्याच्या बेरजेला मर्यादा घालून. कल ४० अंशांच्या वर गेला की मोटर बंद आणि बेरीज शून्य.

पाचवं_सेमिस्टर

मंडळी, उभा राहिला! मोटर, टीबी६६१२, बक आणि लेव्हल शिफ्टर बदलले, रॉडचा सांगाडा केला, बॅटरी वरच्या प्लेटवर, सेन्सर अ‍ॅक्सलजवळ. प्ले आता कडेला १ मिमीच्या आत. लूप ५ मिलिसेकंदांवर पक्का आहे. चाकं पळत सुटणं पूर्ण थांबलं.

आता एकच राहिलं : तोल सांभाळतो, पण हळूहळू एका बाजूला सरकत जातो आणि टेबलाच्या कडेपर्यंत पोचतो. सेटपॉइंट अर्धा अंश बदलला तर उलट्या बाजूला सरकतो.

गिअरपेटी

शाब्बास. मोटर चांगली निवडलीस.

त्रिज्या

छान झालं. सरकणं अपेक्षितच आहे. तुमचा कंट्रोलर फक्त कोन बघतो, जागा बघत नाही, आणि हाताने ठरवलेला सेटपॉइंट कधीच अगदी अचूक नसतो. म्हणून एन्कोडर.

एन्कोडरचं एकेक चॅनेल पिन २ आणि ३ ला द्या, तिथे इंटरप्ट आहे. दुसरं चॅनेल साध्या पिनला, दिशा कळण्यापुरतं. मोटरच्या शाफ्टला ११ पल्स आणि गिअर १:३४ असेल तर चाकाच्या फेरीला ३७४, म्हणजे पल्सला ०.५५ मिमी. तुमच्या मोटरचा गिअर वेगळा असेल तर तो आकडा घाला.

मग कोनाच्या लूपच्या बाहेर दुसरा लूप, दर ५० मिलिसेकंदांनी. दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी घ्या, तिला एका लहान आकड्याने गुणा आणि सेटपॉइंटमधून वजा करा. रोबो पुढे सरकतोय तर सेटपॉइंट जरा मागे. हा बदल ±३ अंशांच्या आतच राहील अशी मर्यादा घाला. बाहेरचा लूप आतल्याच्या वेगाने चालवू नका, दोघं एकमेकांशी भांडतील. चिन्ह उलटं पडलं तर रोबो जोरात पळेल, म्हणून पहिली चाचणी जमिनीवर घ्या, टेबलावर नाही.

मीटर_लाव_आधी

आणि त्या चाचणीआधी सेल पूर्ण चार्ज करून घ्या. ८.४ वर लावलेले आकडे ७.० वर ढिले पडतात. बॅटरीचा व्होल्टेज १० किलो-ओहमच्या दोन रेझिस्टरनी अर्धा करून ए० पिनवर वाचा, पीडब्ल्यूएमला ७.४ ÷ मोजलेल्या व्होल्टेजने गुणा, आणि ६.४ च्या खाली गेला की मोटर बंद करा.